तोंडी लावायला काय?

रक्तदाबाचा रोगी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला, खुर्चीत बसून काम करणारा माणूस उभा राहतो. वाणगावला दवाखाना चालवताना मला दिसणारे रोगी बरेचदा याच्या अगदी उलट असतात. स्टेशनच्या पूर्वेकडच्या पाड्यावरून आलेली चाळिशीची बाई, वजन जेमतेम चाळीस किलो, मिरच्या खुडून बोटांची आग होतेय, गुडघे दुखतात म्हणून दाखवायला आलेली. सवयीने दंडाला पट्टा बांधावा आणि वरचा आकडा 180च्या पुढे निघावा. साखर नाही, अंगावर चरबी नाही, बसून खाणं तर जन्मात नाही. घरच्यांची चौकशी करावी तर बाप पन्नाशीच्या आतच अंगावरून वारं जाऊन गेलेला.

हे माझ्या एकटीच्या दवाखान्यातलं नवल नाही. केंद्र सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा आदिवासी आरोग्यावरचा अहवाल 2018 साली आला. देशातल्या दर चार प्रौढ आदिवासींमागे एकाला उच्च रक्तदाब आहे, असं त्यात म्हटलं आहे. आमचा डहाणू तालुका आदिवासीबहुल. कुपोषण, रक्तक्षय, सर्पदंश ही इथल्या दुखण्यांची नावं मुंबईच्या वर्तमानपत्रांनाही पाठ आहेत. रक्तदाबाचं नाव त्या रांगेत अजून फारसं कुणी घेत नाही.

रक्तदाब निघाला की गोळी लिहून देताना आम्ही सगळेच डॉक्टर म्हणतो, "मीठ कमी खा." दवाखान्यात सगळ्यांत कमी वेळ घेणारं हे वाक्य. बाई मान डोलावते, गोळ्यांची पुडी कनवटीला खोचते आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठते. पण तिच्या घरी शिजतं काय? सकाळी रात्रीचा भात, नाहीतर तांदळाची भाकर. दुपारी शेतावर डब्यात तेच. तोंडी लावायला मिठाबरोबर वाटलेली हिरवी मिरची, कधी भाजलेला जवळा त्यात चुरडलेला. डाळ झालीच तर पाण्यासारखी, आणि ती पातळ डाळ भाताला पुरी पडावी म्हणून मिठाचा हात सढळ. एका म्हातारीने मला सरळच विचारलं होतं, "बाय, मीठ काढलंस तर भात कशाशी खाऊ?"

तिचा प्रश्न रास्त होता. ज्या घरात डाळ, भाजी, ताजी मासळी कमी, त्या घरात भात घशाखाली उतरवायचं काम मीठ आणि मिरची करतात. मीठ काढून घेतलं आणि त्याच्या जागी ताटात काहीच वाढलं नाही, तर तो सल्ला कुणी पाळणार नाही, आणि पाळला तर माणूस अर्धपोटी राहील. म्हणून "मीठ किती खाता?" हा प्रश्न मी सोडून दिला. "तोंडी लावायला काय असतं?" असं विचारते. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मीठही येतं, आणि मिठाचा मार सोसायला जे लागतं ते ताटात आहे की नाही, तेही कळतं.

मिठाचा मार बसतो तो मूत्रपिंडांपाशी. दोन्ही मूत्रपिंडांचं मिळून वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, त्यांच्याकडे जातो. हे रक्त येतं ते मुख्यतः गाळून घ्यायला. दिवसभरात 180 लिटरच्या घरात पाणी गाळलं जातं आणि त्या पाण्याबरोबर सुमारे दीड किलो मीठ. यातलं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त मीठ परत रक्तात ओढून घेतलं जातं आणि लघवीवाटे साधारण तेवढंच जातं, जेवढं त्या दिवशी खाल्लं: पाच ग्रॅम, आठ ग्रॅम, बारा ग्रॅम. दीड किलोच्या उलाढालीत पाच-सात ग्रॅमचा हिशेब रोज जुळवायचा, तोही जन्मभर. मला या अवयवाबद्दल पहिल्यापासून आदर वाटत आला आहे.

ज्याची मूत्रपिंडं धडधाकट आहेत त्याने खारट जेवण केलं की रेनिन नावाचं द्रव्य कमी होतं, पाठोपाठ धमन्या आखडवणारं अँजिओटेन्सिन उतरतं, मूत्रपिंडातल्या बारीक धमन्या सैलावतात, रक्ताचा ओघ वाढतो आणि जास्तीचं मीठ निघून जातं. रक्तदाब फारसा हलतही नाही. काही माणसं मात्र मिठाला हळवी असतात. त्यांच्यात हे सैलावणं होत नाही. मीठ वाढलं तरी धमन्या आखडलेल्याच राहतात. काहींच्या मूत्रपिंडात तर रक्ताचा ओघ उलट कमी होतो आणि गाळणीच्या आतला दाब तेवढा चढतो. मिरचीच्या वाफ्यांना पाणी देणाऱ्याला हे मी असं सांगते: दार पुरतं उघडलं नाही, तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचवण्यासाठी पाटातलंच पाणी तुंबवून चढवावं लागतं. शरीर तेच करतं. सगळ्या अंगाचा दाब चढवतं आणि त्या जोरावर मीठ बाहेर काढतं. मीठ निघतं, पण तो चढलेला दाब मेंदूच्या आणि हृदयाच्या धमन्यांना रात्रंदिवस सोसावा लागतो, आणि गाळणीची जाळीही विरत जाते. लघवीत प्रथिनं दिसू लागली की समजावं, जाळी विरायला लागली.

दाब आणि मीठ यांचं हे नातं अमेरिकेत मिसिसिपीला काम करणाऱ्या आर्थर गायटन यांनी गणिताने मांडलं. लुईस डाल यांनी त्याआधीच मिठाने दाब चढणाऱ्या आणि न चढणाऱ्या उंदरांचे दोन वाण वाढवले होते. पुढे त्यांनी एका वाणाची मूत्रपिंडं दुसऱ्यात बसवून पाहिली आणि रक्तदाब मूत्रपिंडाबरोबर गेला. दाब चढणाऱ्याचं मूत्रपिंड ज्याच्यात बसवलं, त्याचा दाब चढला. याच डाल यांनी उत्तर जपानच्या लोकांबद्दलही लिहिलं आहे. तिथे त्या काळी माणशी दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या वर मीठ पोटात जायचं, खारवलेल्या भाज्यांतून आणि मासळीतून, आणि पक्षाघाताने माणसं पटापट जायची. भात, खारं आणि समुद्रकाठ. वाचताना मला आपलंच वर्णन वाटलं.

रक्तदाब असलेल्यांपैकी साधारण निम्मे मिठाला हळवे असतात. हा हळवेपणा येतो कुठून? वयाने येतो, वारशाने येतो. पण आमच्या भागात एक कारण मला फार मोठं वाटतं, आणि ते आहे जन्माच्या वेळचं वजन. एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात, म्हणजे गाळणाऱ्या नळ्या. त्या आईच्या पोटातच तयार होतात, बऱ्याचशा शेवटच्या तीन महिन्यांत. जन्मानंतर नवा नेफ्रॉन बनत नाही. पोटात असताना ज्याची उपासमार झाली त्याच्या वाट्याला नेफ्रॉन कमी, आणि कमी नेफ्रॉनवर तेवढाच मिठाचा भार पडला की दाब चढणार, असा विचार बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली मांडला. 2003 साली जर्मनीतल्या संशोधकांनी अपघातात गेलेल्या माणसांची मूत्रपिंडं तपासली. रक्तदाब असलेल्या दहा जणांत नेफ्रॉनची संख्या सात लाखांच्या आसपास निघाली. त्याच वयाच्या, रक्तदाब नसलेल्या दहा जणांत चौदा लाखांच्या आसपास. निम्मा फरक.

हा आकडा वाचल्यापासून माझ्यासमोरची चाळीस किलोची बाई मला वेगळी दिसू लागली. तिची आई शेवटच्या महिन्यापर्यंत भात लावत होती, वीटभट्टीवर विटा वाहत होती. ही जन्मली ती दोन किलोच्या आतबाहेर. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. त्या काळात याच डोंगरपट्टीत जी जन्माला आली आणि तगली, ती आज तिशी ओलांडून पस्तिशीकडे चालली आहेत. रक्तदाबाची सरकारी तपासणी सुरू होते ती नेमकी तिशीपासून. आशाताई जो फॉर्म भरतात त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला रक्तदाब वा मधुमेह आहे का, अशी विचारणा असते. कमरेच्या घेराला गुण पडतात आणि आमच्या बायका तिथे शून्य गुण घेऊन सुटतात. जन्माच्या वजनाची चौकशी तिथेच झाली पाहिजे, असं मला फार वाटतं. नेमकं वजन कुणाला ठाऊक नसतं, पण "जन्मली तेव्हा मूठभर होती", "जगेल असं वाटलं नव्हतं" हे घरातल्या म्हातारीला पक्कं आठवत असतं. असं कुणी बोललं की मी कागदावर खूण करते आणि त्या बाईचा दाब पुन्हा पुन्हा बघते.

आता मासळी. वाणगावहून पश्चिमेला चिंचणी, वरोर, दक्षिणेला डांडी, उच्छेळी, पार सातपाटीपर्यंत सगळी कोळीवाड्यांची किनारपट्टी. तिथली सुकी मासळी आठवडी बाजारातून पाड्यापाड्यांवर जाते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, तेव्हा तर आधार तिचाच. शहरात शिकलेला डॉक्टर इथे आला की पहिल्याच फटक्यात सुकी मासळी बंद करून टाकतो. हा अन्याय आहे. बोंबील वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून उन्हात आणि वाऱ्यावर वाळवतात, त्याला मीठ लावायची रीत नाही. जवळाही तसाच पसरून वाळवतात. समुद्राचं अंगचं मीठ त्यात असतं, पण चवीपुरत्या मासळीतून पोटात जातं ते आवाक्यातलं. मिठात मुरवलेला बांगडा, मुशी, दाढा यांची गोष्ट वेगळी. त्यात मीठ बोटाला लागतं. म्हणून मी सांगते, बोंबील खा, जवळा खा, प्रथिनं तिथूनच मिळतात, फक्त कालवणात वरून मीठ घालताना हात आखडा. खारा मासा आणलाच तर रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला आणि ते पाणी कालवणात घेऊ नका, ओतून टाका. मासळी विकणाऱ्या मावशींना हे आमच्याहून आधीपासून ठाऊक आहे. विचारलं तर कुठला मासा किती खारा, हे त्या बोटाने दाखवतात.

याच पावसात रानात भाज्या येतात. शेवळं, टाकळा, कोरळ, कुर्डू. रक्तदाबाच्या दृष्टीने यांचं मोल मोठं, कारण पालेभाजीत पोटॅशियम असतं. पोटॅशियम कमी पडलं की मूत्रपिंडाच्या नळीचा एक टप्पा मीठ धरून ठेवू लागतो, मग तुम्ही कितीही मीठ खाल्लेलं असो. पोटॅशियम पुरेसं मिळालं की तोच टप्पा मीठ सोडतो. आम्ही लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोनची जी गोळी देतो तीही काम करते नेमकी त्याच टप्प्यावर. ही गोष्ट मी बायकांना अगदी आवर्जून सांगते. रानभाजीला घरातली मुलं नाकं मुरडू लागली आहेत, बोईसरच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांना तिची लाज वाटते, आणि त्या जागी डब्यात पापड, फरसाण आणि नूडल्सची पुडी येते. एका पापडात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. टाकळ्याची भाजी सोडून पापड घेतला, तर पोटॅशियम गेलं आणि मीठ वाढलं, एका घासात दोन्ही.

मीठ मोजायची माझी रीत साधी आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. पाड्यावरच्या चुलीपाशी पाच ग्रॅम कोण मोजणार? म्हणून मी पिशवीवरून मोजते. पाच मोठी माणसं असलेल्या घरात दिवसाचे झाले पंचवीस ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी चाळीस दिवस पुरली पाहिजे. एकीला विचारलं, "ताई, मिठाची पिशवी किती दिवस जाते?" ती म्हणाली, "दोन बाजारांना एक लागते." दोन बाजार म्हणजे चौदा दिवस. माणशी दिवसाला चौदा ग्रॅम. मिठात काही वाळवण, लोणचं केलं का? नाही. मग जातं कुठे, ते आम्ही दोघी मिळून शोधायला बसलो. भात शिजवताना मूठ, डाळीत मूठ, मिरची वाटताना खडे, आणि पानात वरून चिमूट वेगळीच. "भातातलं तेवढं बंद करून बघा," मी म्हटलं, "मिरची आहे तशीच राहू द्या." भातातलं मीठ गेलं ते घरात कुणाला कळलंही नाही, कारण जिभेला खारटपणा मिळतो तो मिरचीतून. पिशवी तीन आठवड्यांवर गेली. माणशी साडेचार ग्रॅमची घट. इतकी घट झाली की रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाच अंकांनी उतरतो, असं जगभरच्या अभ्यासांची बेरीज करून काढलेलं आहे. पाच अंक कुणाला किरकोळ वाटतील. मला वाटत नाहीत, कारण ते घरातल्या पाचही जणांना मिळतात, आणि त्यांतले तिघे अजून गोळीवर नसतात.

सैंधवाबद्दल मात्र एकदाचं स्पष्ट बोलायला हवं. "आम्ही साधं मीठ सोडलं, सैंधव खातो" असं बोईसरच्या सोसायट्यांमधून येणारे शिकलेले लोक अभिमानाने सांगतात. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. मूत्रपिंडाला रंगाचं काही कळत नाही.

कारखान्यांतल्या माणसांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. तारापूरच्या एमआयडीसीत बॉयलरपाशी, भट्टीपाशी काम करणारे म्हणतात, "मॅडम, पाळी संपेपर्यंत शर्टावर मिठाचे पट्टे उमटतात. एवढं जातं, मग खायचं नाही का?" त्यांना मी अळणी जेवायला सांगत नाही. उष्ण जागी काम करणाऱ्याचं शरीर आठ-पंधरा दिवसांत शिकतं आणि घामातून मीठ कमी सोडू लागतं. रोजच्या जेवणातलं मीठ बहुतेकांना पुरतं, कमी पडतं ते पाणी. अशा माणसाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असली की एप्रिल-मे महिन्यांत मी फार जपते. चक्कर, पायात गोळे, मळमळ असलं काही झालं की गोळी तशीच रेटू नका, आधी दाखवायला या, हे त्याच्या बायकोलाही सांगून ठेवते.

पण याच माणसांच्या खिशात मला जी गोष्ट सापडते तिने माझी झोप उडते. दुखण्यावरची गोळी. कंबर, गुडघे, दात, काहीही दुखो, डायक्लोफेनॅक किंवा तिच्या जातीची दुसरी गोळी, रोज, महिनोन्महिने. शेतमजूर बायकांतही तेच. कुठे कुठे तर आठवड्याला इंजेक्शन ठरलेलं. मूत्रपिंडातल्या धमन्या सैल ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात, आणि ही गोळी ती द्रव्यं बनूच देत नाही. मग रक्ताचा ओघ आटतो, मीठ अंगात साठतं, पायांना सूज येते, रक्तदाबाची गोळी लागू पडेनाशी होते. त्यात टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, वर उन्हात पाणी कमी पडलं असेल, तर मूत्रपिंड चार दिवसांत बसू शकतं. मिठापेक्षाही आधी मी हे थांबवते. दुखण्याला पॅरासिटामॉल, शेक, मलम, कामाची बैठक बदलणं, जे जमेल ते. मजुरी बुडेल म्हणून बाई गोळी मागते हे मला कळतं, आणि तरीही मी नाही म्हणते. डायलिसिसवर बसलेल्या माणसाच्या घरचे आठवड्यातून दोन-तीनदा गाड्या बदलत पालघरला, वापीला जाताना मी बघते. ती मजुरी पुन्हा उभी राहत नाही.

राहता राहिलं बदली मीठ, ज्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमध्ये 600 खेड्यांतल्या सुमारे एकवीस हजार माणसांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2021 साली आले. पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी निघालं. ही खेड्यातली, घरी रांधून खाणारी माणसं होती, आमच्यासारखी. 2025 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही असं मीठ वापरण्याच्या बाजूने शिफारस केली, त्यातली एक मोठी अट अशी की ज्यांची मूत्रपिंडं अधू आहेत त्यांनी ते घेऊ नये, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदय बंद पडू शकतं. आपल्या देशाने 1962 साली गलगंडाविरुद्धचा कार्यक्रम हाती घेतला आणि आज पाड्यावरच्या दुकानातही आयोडीनचं मीठ मिळतं. म्हणजे मिठातून औषध घरोघर पोचवणं आपल्याला जमलेलं आहे. रेशनच्या दुकानात असं बदली मीठ आणि त्याच्या बरोबरीने तूरडाळ मिळावी, असं माझं मागणं आहे. मीठ एकटं नको, डाळ सोबत हवीच.

त्याआधी मात्र कुणाची मूत्रपिंडं अधू आहेत हे कळायला हवं. त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं एवढ्या दोनच तपासण्या लागतात. मी सध्या माझ्या रक्तदाबाच्या रोग्यांच्या या दोन तपासण्या करून घेते आहे, ज्यांना परवडत नाही त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवते, आणि मिळालेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या शिकलेल्या मुलीच्या हातात देते, पावसात भिजून जाऊ नये म्हणून.